शेजारच्या सीटवरचा हक्कदार

सूरह निसामधली ३६ वी आयत आपल्या घरांत नेहमी ऐकवली जाते, पण बहुतेक वेळा अर्धीच. आई-वडिलांशी चांगलं वागा, इथपर्यंत ती सगळ्यांना ठाऊक असते. पुढे नातेवाईक येतात, यतीम येतात, मिस्कीन येतात, जवळचा शेजारी आणि लांबचा शेजारी येतो. त्यानंतर एक छोटासा शब्दप्रयोग येतो: अस्साहिबि बिल-जम्ब. म्हणजे बाजूला असलेला सोबती. काही मुफस्सिरांनी याचा अर्थ जोडीदार असा घेतला, काहींनी प्रवासातला साथी. मौलाना मौदूदींनी तफहीमुल कुरआनमध्ये तो आणखी मोकळा करून सांगितला आहे. बाजाराकडे जाताना बरोबर चालणारा, दुकानात आपल्याशेजारी बसून खरेदी करणारा, सफरमध्ये जवळ बसलेला, अशी ज्याची-आपली गाठ घटकाभराचीच आहे, तोही यात आला.

आता ही यादी घेऊन सकाळी आठ वाजता कुर्ल्याला किंवा मुंब्र्याला फलाटावर उभं राहून बघा. गाडीत मांडीला मांडी लावून बसलेला तो माणूस, ज्याचं नाव, गाव, जात, मजहब काही आपल्याला ठाऊक नाही आणि जो दादरला उतरल्यावर पुन्हा भेटेल की नाही याची खात्री नाही, तो आई-वडिलांच्याच यादीत बसलेला आहे. त्याच्यासाठी चार बोटं सरकणं ही मेहरबानी राहत नाही, ते त्याचं देणं होतं. या लेखाचा विषय ती चार बोटं जागाच आहे, कारण मुंबईसारख्या शहरात अनोळखी माणसांचं एकमेकांशी जे काही चांगलं वागणं आहे, ते बहुतेक तेवढ्याच मापाचं असतं.

चौथी सीट

लोकलचा बाक तीन माणसांचा. बसतात चार. चौथा अर्धाच बसतो, त्याचा एक पाय बाहेर, पर्स मांडीवर. हा कायदा रेल्वेने कुठेही लिहिलेला नाही, तरी नवीन माणसालाही दोन दिवसांत कळतो. चौथ्याने "जरा सरका" म्हटलं की तिघांनी सरकायचं असतं. कुरकुर चालते, नकार सहसा चालत नाही. आपण कुठे उतरणार हे विचारलं तर खरं सांगायचं, कारण त्यावर दुसऱ्याचं बसणं ठरलेलं असतं. बायकांच्या डब्यात तर याची पूर्ण साखळी असते. "तुम्ही कुठे?" "घाटकोपर." "मग तुमची जागा मला." तिच्या मागे आणखी एक, तिला कळवा. कागद नाही, टोकन नाही, आणि नंबर मोडणारीला अख्खा डबा बोलतो.

बॅग वर ठेवण्याचंही तसंच. दारातून आत शिरलेल्या बाईच्या हातातली पिशवी तिच्याही आधी रॅकवर पोचलेली असते, चार हातांतून जाऊन. उतरायच्या वेळी "ती लाल पिशवी" म्हटलं की त्याच चार हातांतून परत येते. दारात लटकणाऱ्याला आतला माणूस हात देतो. तो प्रकार जीवघेणा आहे, मुलांना मी तो कधीच करू नका म्हणून सांगते, पण आत ओढणाऱ्या हाताने आधी नाव विचारलं असं मात्र कधी झालेलं नाही.

माझ्या मते या शहरातली सगळ्यात सुंदर गोष्ट बेस्टच्या बसमध्ये होत असे. मोबाइलवर तिकीट आल्यापासून ती कमी झाली. बस खचाखच भरलेली, कंडक्टर एका टोकाला अडकलेला आणि तुम्ही दुसऱ्या टोकाला. तुम्ही नोट पुढच्याच्या हातात द्यायची आणि म्हणायचं, "एक नागपाडा." नोट डोक्यांवरून निघायची, प्रत्येक हाताबरोबर "एक नागपाडा" हे शब्दही पुढे जायचे. थोड्या वेळाने तिकीट आणि सुटे पैसे त्याच वाटेने परत. आठ-दहा अनोळखी माणसं, त्यांतल्या प्रत्येकाच्या हातात क्षणभर तुमचे पैसे, आणि हिशेब पूर्ण. अमानत या शब्दाचा अर्थ वर्गात समजावताना मला याहून चांगलं उदाहरण आजवर सापडलेलं नाही.

आणि रमजान. संध्याकाळच्या गाडीत मगरिबची वेळ दोन स्टेशनांच्या मध्येच कुठेतरी होते. कुणीतरी खजुरांचा डबा उघडते. पहिली खजूर स्वतःच्या तोंडात टाकण्याआधी ती शेजारणीपुढे धरली जाते, शेजारीण रोजेदार असो वा नसो. उलट बाजूनेही होतं. डोळे मिटून दांड्याला टेकलेल्या मुलीला बघून, रोजा कधी न धरलेली एखादी मावशी उठते, "बस गं, उपास आहे ना तुझा." तिचा 'उपास' आणि आपला रोजा यांतला फरक समजावत बसायची ती वेळ नसते. बसावं.

घाई आणि नेकी

मोठ्या शहरातली माणसं दगडाच्या काळजाची असतात असं गावाकडे म्हणतात. बीएडला मानसशास्त्र शिकताना एका प्रयोगाबद्दल वाचलं होतं, तो या समजुतीवर चांगला प्रकाश टाकतो. १९७३ साली जॉन डार्ली आणि डॅनियल बॅट्सन या दोन अमेरिकन संशोधकांनी तो प्रसिद्ध केला. प्रिन्स्टनच्या धर्मशिक्षणाच्या संस्थेतले, म्हणजे आपल्या भाषेत मदरशातले म्हणा, ४० विद्यार्थी त्यात होते. त्यांना एका इमारतीतून दुसऱ्या इमारतीत जाऊन भाषण द्यायचं होतं. काहींना भाषणाचा विषय दिला होता इंजीलमधली 'भल्या समॅरिटन'ची गोष्ट. ती गोष्ट अशी: लुटला गेलेला, जखमी माणूस रस्त्यात पडला आहे, धर्माची मोठी माणसं बाजूने निघून जातात, आणि ज्या जमातीला लोक तुच्छ मानत त्या समॅरिटन जमातीतला एक परका माणूस थांबून त्याची मलमपट्टी करतो. संशोधकांनी वाटेतल्या दारात एक माणूस कण्हत, खोकत बसवून ठेवला होता.

ज्यांना सांगितलं होतं की अजून वेळ आहे, त्यांतले ६३ टक्के थांबले. ज्यांना सांगितलं होतं की उशीर झालाय, धावा, त्यांतले फक्त १० टक्के. भाषणाचा विषय कोणता, याने म्हणण्यासारखा फरक पडला नाही. परक्याला मदत करण्यावर बोलायला निघालेलेही काहीजण त्या कण्हणाऱ्या माणसाला ओलांडून गेले. धर्माचं ज्ञान कमी होतं म्हणून नव्हे, घड्याळ पुढे गेलं होतं म्हणून.

मग मुंबई तर घाईचंच शहर. इथे कुणीच कुणासाठी थांबू नये. तरी चौथी सीट मिळते, कारण इथल्या माणसांनी नेकीचं माप घाईत बसेल एवढं लहान करून घेतलं आहे. सरकायला दोन सेकंद लागतात. पिशवी वर द्यायला तीन. "हा फलाट नाही, चारवर जा" सांगायला चालता चालता जमतं. थांबावं लागत नाही, ओळख द्यावी लागत नाही, आभार घ्यावे लागत नाहीत.

हे 'लहान' आपल्या दीनमध्ये लहान मानलेलं नाही. सूरह माऊन आपल्या मुलांना पाचव्या-सहाव्या वर्षीच तोंडपाठ असते, सातच आयती आहेत. त्यात नमाजी माणसाला केवढा कडक इशारा आहे, ते लक्षात घ्या. ज्यांची नमाज गाफीलपणाची आणि दिखाव्याची आहे आणि जे 'माऊन' द्यायला नाही म्हणतात, त्यांची खैर नाही. माऊन म्हणजे काय? हजरत अब्दुल्लाह इब्न मसऊद (रजि.) यांनी अर्थ सांगितला तो कुऱ्हाड, हंडी, बालदी अशा वस्तूंचा, ज्या शेजारी एकमेकांकडून मागून नेतात आणि परत करतात. एका अख्ख्या सूरतचं नाव बालदी-हंडीवरून पडलं आहे.

तसंच हदीसमध्ये. माणसाच्या शरीरातल्या प्रत्येक सांध्यावर रोज एक सदका देणं लागतं, असं प्रेषित मुहम्मद (स.) यांनी सांगितलं, आणि तो कसा फेडायचा याची जी उदाहरणं दिली त्यांत एक आहे: कुणाला त्याच्या जनावरावर चढायला मदत करणं, किंवा त्याचं सामान उचलून वर ठेवून देणं. बुखारी आणि मुस्लिम दोन्हींत ही हदीस आहे. जनावराच्या जागी सात-बावन्नची कर्जत धरा. आणखी एका हदीसमध्ये वाट चुकलेल्याला वाट दाखवणं, रस्त्यातला दगड-काटा बाजूला करणं, आपल्या बालदीतलं पाणी दुसऱ्याच्या बालदीत ओतणं, हे सगळं सदक्यात धरलं आहे. आणि सलाम ओळखीच्याला करा तसाच अनोळखीलाही करा, हेही सांगितलं आहे.

रस्त्यातला काटा आपल्याकडे पावसाळ्यात मॅनहोलच्या रूपाने येतो. तुंबलेल्या पाण्यात झाकण उघडं असेल तर कुणीतरी त्यात झाडाची फांदी रोवतं, काठीला लाल फडकं बांधतं. ऑगस्ट २०२० च्या पावसात रस्त्याकडेला राहणारी एक बाई अशा मॅनहोलपाशी तासन्‌तास उभी राहून येणाऱ्या गाड्यांना बाजूने काढत होती, तो व्हिडिओ तुमच्यापैकी पुष्कळांनी पाहिला असेल. ईमानच्या शाखांतली सगळ्यात खालची शाखा म्हणजे रस्त्यातली इजा देणारी वस्तू हटवणं, असं हदीसमध्ये आलं आहे. सगळ्यात खालची शाखा, पण शाखा ईमानचीच.

सबील आणि पाणपोई

वर सांगितलेल्या आयतीत 'बाजूच्या सोबत्या'नंतर लगेच 'इब्नुस्सबील' येतो. सबील म्हणजे रस्ता. इब्नुस्सबील म्हणजे रस्त्याचा मुलगा, वाटसरू. हाच शब्द पुढे पाण्याला चिकटला. मुहर्रमच्या दिवसांत डोंगरी, भेंडी बाजार, मोहम्मद अली रोडवर जागोजागी सबील लागते, करबलाची तहान आठवून जाणाऱ्या-येणाऱ्याला पाणी आणि सरबत दिलं जातं. मराठीत त्याच वस्तूला पाणपोई म्हणतात. उन्हाळ्यात चौकात रांजण, रांजणाला ओलं फडकं. दोन शब्द, तहान एकच. मस्जिद बंदरजवळ भात बाजारात केशवजी नाईक यांच्या नावाचं कारंजं १८७६ पासून उभं आहे. जुन्या मुंबईत हिंदू, पारशी, मुसलमान सगळ्याच शेठ लोकांनी अशा प्याऊ बांधल्या, बहुतेक घरातल्या कुणा गेलेल्या माणसाच्या आठवणीत. आता त्यांतल्या पुष्कळ कोरड्या आहेत आणि पाणी वीस रुपयांच्या बाटलीत गेलं आहे. कोरड्या प्याऊंची वाईट वाटण्यासारखी गोष्ट दगडकामाची नाही, तहानलेल्याला आता दुकानदारापुढे उभं राहावं लागतं, ही आहे.

माहीमला मखदूम फकीह अली माहिमी यांच्या दर्ग्याच्या आसपास काही हॉटेलं आहेत. (हे मखदूम साहेब, ज्यांचा इंतकाल १४३१ साली झाला, स्वतः कुरआनचे मुफस्सिर होते, हे दर्ग्यावर जाणाऱ्या फार थोड्यांना माहीत असतं.) हॉटेलांसमोर भुकेली माणसं ओळीत उकिडवी बसलेली दिसतात. तुम्ही गल्ल्यावर पैसे द्यायचे आणि आकडा सांगायचा, दहा म्हणा, वीस म्हणा. तेवढ्या माणसांना जेवण मिळतं. तुम्ही तोवर निघून गेलेले असता. कोणी दिलं हे खाणाऱ्याला माहीत नाही, कोणी खाल्लं हे देणाऱ्याला माहीत नाही. माणसं अशी ओळीत बसलेली पाहून मला बरं वाटत नाही, कुणालाच वाटू नये. पण देणाऱ्याचा चेहरा पुसून टाकण्याची ही पद्धत मला आवडते.

कारण सध्या याच्या बरोबर उलट चाललं आहे. मदत करणाऱ्याच्या पुढे एक मोबाइल चालतो. वृद्धाच्या हातात केळं ठेवताना कॅमेरा वृद्धाच्या चेहऱ्यावर. आणि आपल्या समाजात याला आणखी एक पदर आहे, त्याबद्दल स्पष्ट बोललं पाहिजे. 'मुस्लिम तरुणांनी वाचवले हिंदू वृद्धाचे प्राण' अशा बातम्या आपण मोठ्या हौसेने फॉरवर्ड करतो. मला या बातम्यांमागचं दुखणं समजतं. २०२० साली करोनाच्या सुरुवातीला एका अख्ख्या समाजाकडे बोट दाखवलं गेलं, आणि त्याच काळात आपल्याच पोरांनी कब्रस्तानात आणि स्मशानातही अनोळखी मय्यतींना खांदा दिला. ते नोंदवलं गेलं पाहिजे, तो इतिहास आहे. पण रोजच्या साध्या नेकीलाही आपण चारित्र्याचा दाखला करून टाकला आहे. सीट देणारा 'मुस्लिम तरुण' म्हणून देत नसतो, त्याच्या जवळ जागा असते म्हणून देतो. सूरह दहरमध्ये खाऊ घालणाऱ्यांचं जे वर्णन आहे, त्यात ते बदलाही मागत नाहीत आणि शुक्रियाही. फॉरवर्डवर मिळणारे लाइक हा शुक्रियाच झाला.

मोठ्या संकटात हे शहर असा हिशेब ठेवत नाही. २६ जुलै २००५ ला सांताक्रूझला २४ तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस पडला. त्या रात्री मशिदी, शाळा, चाळी, ज्याचं दार होतं त्याने ते उघडलं. ११ जुलै २००६ ला पश्चिम रेल्वेच्या गाड्यांत स्फोट झाले तेव्हा रुळांलगतच्या झोपड्यांतले लोक घरातल्या चादरी घेऊन धावले आणि त्यांची झोळी करून जखमींना उचललं. हे पुष्कळदा लिहिलं गेलं आहे, 'मुंबई स्पिरिट' म्हणून चघळलंही गेलं आहे, म्हणून इथे थांबते.

घेण्याची सवय

गेल्या वर्षी नववीच्या वर्गाला मी एक काम दिलं. आठवडाभर वहीत लिहायचं: अनोळखी माणसाने आज तुमच्यासाठी काय केलं. पहिल्या दिवशी जवळजवळ सगळ्या वह्यांत एकच ओळ, "काही नाही." चौथ्या दिवसापासून ओळी वाढल्या. रिक्षावाल्याने दोन रुपये सोडले. फेरीवाल्या भाभीने पावसात ताडपत्रीखाली घेतलं. एकाच्या सायकलची चेन रस्त्यावरच्या कुणी काकांनी बसवून दिली आणि हात त्याच्याच रुमालाला पुसले, याबद्दल त्याची तक्रार होती.

एका मुलीने मात्र वेगळं लिहिलं. ती नकाब घेते. गर्दीच्या गाडीत तिच्याशेजारची जागा दोन स्टेशनं रिकामी राहिली, असं तिने लिहिलं होतं. वर्गात तिने ते वाचून दाखवलं तेव्हा कुणी काही बोललं नाही. मग मागच्या बाकावरच्या एकीने विचारलं, "तू कुणाला बस म्हणालीस?" ती म्हणाली, "मी का म्हणू?" दोघींचंही बरोबर होतं. मी त्यांच्यात पडले नाही.

आपल्या घरांत मुलांना सांगितलं जातं की बाहेर कुणाशी बोलू नका, खाली बघून जा, खाली बघून या. काळ तसा आहे, आई-बापाची भीती खोटी नाही. पण या शिकवणीचा परिणाम असा होतो की मूल मदत मागायला विसरतं, आणि कुणी दिलेली घ्यायलाही घाबरतं. फलाटावर चक्कर आली तर शेजारच्या बाईला "मला धरा" म्हणता आलं पाहिजे. सावध राहणं वेगळं आणि सगळ्या शहराला परकं समजणं वेगळं. अनोळखी माणसासोबत कुठे जायचं नाही, घरचा पत्ता द्यायचा नाही, हे शिकवाच. सोबत हेही शिकवा की हरवलात तर गणवेशातला माणूस, मुलं सोबत असलेली बाई किंवा दुकानाच्या गल्ल्यावर बसलेला माणूस शोधायचा, आणि १०९८ हा नंबर लक्षात ठेवायचा.

आणखी एक गोष्ट झाकून ठेवण्यात अर्थ नाही. ज्या शहरात लोकलमध्ये मला सीट मिळते, त्याच शहरात नाव ऐकून भाड्याचं घर नाकारलं जातं. सीट देणारा आणि घर नाकारणारा कधी कधी एकच माणूस असू शकतो. चार बोटं जागा दिल्याने घराचा प्रश्न सुटत नाही, तो हक्काचा प्रश्न आहे आणि तो हक्काच्याच भाषेत, कायद्याच्या आणि राजकारणाच्या मैदानात मांडावा लागेल. पण म्हणून ती चार बोटं खोटी, असंही मी म्हणणार नाही.

जिथे दोन सेकंद पुरत नाहीत

मुंबईची नेकी दोन सेकंदांत बसते, हे वर म्हटलं. जिथे दहा मिनिटं लागतात तिथे ती अडखळते. रस्त्यावर अपघात होतो, गर्दी जमते, माणूस रक्तात पडलेला असतो आणि प्रत्येकजण दुसऱ्याकडे बघतो. मानसशास्त्रात याचाही अभ्यास आहे: बघणारे जितके जास्त, तितकी प्रत्येकाची जबाबदारी वाटली जाऊन पातळ होते. यावर उपाय सोपा आहे. "कुणीतरी फोन करा" असं हवेत ओरडायचं नाही. एका माणसाकडे बोट दाखवायचं, "निळा शर्टवाले भाऊ, १०८ लावा." त्याच्याकडे बोट गेलं की तो लावतोच.

पण आपल्या पोरांच्या पायात आणखी एक बेडी असते. "तू लांब राहा, नाव विचारलं तर तुलाच आत घेतील." हे वाक्य मी किती घरांत ऐकलं आहे. म्हणून या बाबतीत कायदा काय सांगतो ते प्रत्येक घरात माहीत असायला हवं.

जखमीवर आधी उपचार, पोलिसांचे कागद नंतर, हे सर्वोच्च न्यायालयाने १९८९ मध्येच परमानंद कटारा खटल्यात सांगितलं. मदत करणाऱ्यांना त्रास होऊ नये म्हणून केंद्र सरकारने मे २०१५ मध्ये मार्गदर्शक सूचना काढल्या, आणि ३० मार्च २०१६ ला सर्वोच्च न्यायालयाने त्यांना बंधनकारक केलं. २०१९ च्या दुरुस्तीने मोटार वाहन कायद्यात १३४ अ हे कलम आलं. त्यात अशा माणसाला नाव दिलं आहे 'गुड समॅरिटन', वर सांगितलेल्या त्याच गोष्टीतला परका माणूस. या कलमानुसार, अपघातग्रस्ताला चांगल्या हेतूने, स्वखुशीने आणि बदल्यात काही न मागता तातडीची मदत करताना काही चूक झाली आणि तो दगावला, तरी मदत करणाऱ्यावर दिवाणी किंवा फौजदारी कारवाई होत नाही.

सप्टेंबर २०२० मध्ये याचे नियम आले. ते आपल्यासाठी फार महत्त्वाचे आहेत. मदत करणाऱ्याला आदराने वागवायचं, आणि धर्म, राष्ट्रीयत्व, जात किंवा लिंग यांवरून त्याच्याशी भेदभाव करायचा नाही, हे नियमात लिहिलेलं आहे. नाव, ओळख, पत्ता सांगण्याची सक्ती पोलीस किंवा इतर कुणीही करू शकत नाही. सांगायचं असेल तर ती त्याची मर्जी. साक्षीदार व्हायचं की नाही हेही त्याच्याच मर्जीवर. दवाखान्याने त्याला अडवून ठेवायचं नाही आणि जखमीच्या भरतीचे पैसेही त्याच्याकडे मागायचे नाहीत. हे हक्क सरकारी असो वा खाजगी, प्रत्येक रुग्णालयाने दर्शनी भागात हिंदी, इंग्रजी आणि स्थानिक भाषेत लावायचे आहेत. पुढच्या वेळी दवाखान्यात जाल तेव्हा भिंतीवर शोधा. नसेल तर काउंटरवर शांतपणे विचारा, कुठे लावलं आहे म्हणून.

खर्चाची भीतीही कमी झाली आहे. मे २०२५ पासून केंद्राच्या योजनेत रस्ते अपघातातल्या जखमीला ठरवून दिलेल्या रुग्णालयांत ७ दिवसांपर्यंत आणि दीड लाख रुपयांपर्यंत उपचार रोख पैसे न भरता मिळण्याची तरतूद आहे. मदत करणाऱ्याच्या खिशाला यात कुठेच हात लागत नाही.

एवढं मात्र ध्यानात असू द्या की हे कलम मोटार अपघातांचं आहे. कुणी गाडीतून पडलं, फलाटावर कोसळलं, तर स्टेशन मास्तर किंवा रेल्वे पोलीस गाठायचे, रेल्वेचा नंबर १३९. बाकी ठिकाणी ॲम्ब्युलन्ससाठी १०८, पोलिसांसाठी ११२. जखमीला ओढून बसवायचं नाही, मान हलवायची नाही, बेशुद्ध असेल तर तोंडात पाणी ओतायचं नाही. पाणी पाजायची आपल्याला फार घाई असते, सबीलची सवय म्हणा, पण इथे ते पाणी श्वासनलिकेत जाऊ शकतं. रक्त वाहत असेल तर स्वच्छ कापड दाबून धरायचं. दुपट्टा चालतो. आणि ॲम्ब्युलन्स येईपर्यंत शेजारी बसून त्याच्याशी बोलत राहायचं.